डॉइचलांड तिकीट : ५८ युरोंत महिनाभर जर्मनी

सांगलीत आमच्या विश्रामबाग परिसरातून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी युरोपला जाऊन येते आणि आल्यावर आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि जर्मनीतील कुकू घड्याळांचे दुकान यांचे फोटो दाखवते. आठ वर्षांपूर्वी मीही अशाच एका सहलीत गेले होते. त्या अकरा दिवसांत जर्मनीच्या वाट्याला दीड दिवस आला. कोलोनच्या कॅथेड्रलसमोर आम्हाला पस्तीस मिनिटे दिली गेली आणि त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. पाया घातल्यापासून पुरे व्हायला १२४८ ते १८८० एवढा काळ लागलेली ती वास्तू आम्ही बाहेरूनच नमस्कार करून सोडली. म्हणून २०२५च्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझे यजमान दोघेच पुन्हा जर्मनीला निघालो, तेव्हा सहल कंपनी नको आणि भाड्याची मोटारही नको, एवढे पक्के ठरले होते. उरला तो रेल्वेचा मार्ग. त्या मार्गावर आम्ही ज्याच्या जोरावर तीन आठवडे फिरलो, त्या डॉइचलांड तिकिटाचे हे परीक्षण आहे.

हे तिकीट मे २०२३मध्ये ४९ युरोंना सुरू झाले. त्याआधी २०२२च्या जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत अवघ्या ९ युरोंचे मासिक तिकीट काढून सरकारने लोकांना त्याची चटक लावून ठेवली होती. जानेवारी २०२५पासून किंमत ५८ युरो झाली, म्हणजे आम्ही गेलो तेव्हाच्या दराने माणशी सुमारे सहा हजार रुपये. या तिकिटावर संपूर्ण देशातील प्रादेशिक रेल्वेगाड्या, शहरांतील भुयारी रेल्वे, उपनगरी गाड्या, ट्राम आणि सार्वजनिक बस यांतून एक कॅलेंडर महिना हवे तितके फिरता येते. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र यात नाहीत, आणि प्रवास फक्त दुसऱ्या वर्गाचा आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर पॅसेंजर, लोकल आणि एसटी यांचा मिळून एकच पास, ज्यावर वंदे भारतमध्ये पाऊल ठेवता येत नाही.

पास म्हटल्यावर तो खिडकीवर जाऊन काढायचा, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात हे तिकीट म्हणजे वर्गणी आहे. ते एकदा घेतले की दर महिन्याला आपोआप नवे होते आणि त्याचे पैसे खात्यातून वळते होतात. पुढच्या महिन्याचे नको असेल, तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत ते रद्द करावे लागते. पर्यटकाला हे ठाऊक नसेल, तर तो सांगलीत परतून हळदीच्या दुधाने घसा शेकत बसलेला असताना जर्मनीत त्याचा पुढचा महिना सुरू झालेला असतो. शिवाय ‘महिना’ म्हणजे १ तारखेपासून अखेरपर्यंत. वीस तारखेला उतरून पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला परतणाऱ्याला दोन महिन्यांचे पैसे भरावे लागतात. आम्ही ३ सप्टेंबरला उतरून २४ तारखेला निघणार होतो. ही आखणी सर्वस्वी या नियमाकडे पाहून केली होती आणि त्यापायी विमानाचे तिकीट थोडे महाग पडले तरी मी ते पत्करले. आयुष्य बँकेत गेलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षाही करू नये.

खरेदीचा अनुभव मात्र सुखाचा नव्हता. हे तिकीट अनेक वाहतूक संस्था विकतात आणि प्रत्येकीची पैसे घेण्याची पद्धत निराळी आहे. सांगलीतून आम्ही ज्या पहिल्या विक्रेत्याच्या ॲपवर गेलो, त्याने नाव, जन्मतारीख, पत्ता असे सगळे भरून घेतले आणि अगदी शेवटच्या पायरीवर युरोपीय बँक खात्याचा क्रमांक मागितला. दुसऱ्याने कार्ड चालेल असे सांगितले, पण ते दोनदा नाकारले आणि कारण दिले नाही. अखेर माझ्या नणंदेचा मुलगा, जो न्यूरेंबर्गला नोकरी करतो, त्याने आपल्या खात्यातून आमच्या दोघांच्या नावे तिकिटे काढून दिली आणि ५ तारखेला माझ्यासमोर बसून ती पुढच्या महिन्यापासून रद्दही केली. ते करताना तो म्हणाला, “मामी, या तिकिटावर घाई करायची नाही. घाई असेल तिथे वेगळे पैसे मोजायचे.” पुढच्या तीन आठवड्यांत हे वाक्य मला रोज आठवले. ज्यांचे तिथे कोणी नाही, त्यांनी कार्ड स्वीकारणारा विक्रेता निघण्यापूर्वीच शोधून ठेवावा.

आमचा पहिला मुक्काम भाच्याकडे न्यूरेंबर्गला होता. रेल्वेच्या तिकिटाचे परीक्षण करायला याहून योग्य गाव नाही, कारण जर्मनीतील वाफेच्या इंजिनाची पहिली प्रवासी रेल्वे ७ डिसेंबर १८३५ रोजी याच गावातून शेजारच्या फ्युर्टला, सहा किलोमीटरवर, धावली. म्हणजे आपल्या बोरीबंदर ते ठाणे गाडीच्या अठरा वर्षे आधी. आज त्याच दिशेने भुयारी रेल्वे जाते. स्थानकात दरवाजे नाहीत, तिकीट यंत्रात घालणे नाही, कोणी अडवीत नाही. पहिले दोन दिवस काहीतरी चुकत असल्यासारखे वाटून मी मोबाइल हातात उघडाच धरून बसत असे. तपासनीस कधी येतो, कधी येत नाही, पण आला तर ६० युरोंचा दंड आहे. तिकीट नावाचे असल्यामुळे तो ओळखपत्रही पाहतो. आमचे तिकीट तीन आठवड्यांत अकरा वेळा तपासले गेले आणि त्यातल्या चार वेळा पासपोर्ट मागितला गेला. मोबाइलची बॅटरी संपली तर तिकीटही संपले, हे ध्यानात ठेवून जवळ पॉवर बँक बाळगावी.

न्यूरेंबर्गहून सकाळी निघून संध्याकाळी परत, अशा जितक्या फेऱ्या शक्य होत्या, तितक्या आम्ही केल्या. रोथेनबुर्गला दोनदा गाडी बदलून जावे लागते. तटबंदीतले हे गाव देखणे आहे आणि ते देखणे आहे हे सगळ्या जगाला कळले आहे. अकरा ते चार या वेळात तिथे गावकरी शोधावा लागतो. तटावरून छपराखालच्या लाकडी वाटेने चालताना दगडांत बसवलेली नावे दिसतात, ती महायुद्धात पडलेला तट पुन्हा उभारण्यासाठी देणग्या देणाऱ्यांची आहेत. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर नावे कोरतात, त्याची आठवण झाली. बाम्बर्ग मला अधिक आवडले. तिथले जुने नगरभवन नदीच्या ऐन पात्रात उभे आहे आणि त्याच्या भिंतीवरील चित्रांत एका देवदूत-बाळाचा पाय चित्रातून निसटून खरोखरचा, म्हणजे घडवलेला, बाहेर लोंबतो. यजमानांना तो पाय दाखवायला मला दहा मिनिटे लागली. ते तोवर तिथली धुराच्या वासाची बिअर कशी लागत असेल, या विचारात होते.

पण या तिकिटाने आम्हाला दिलेले सर्वांत मोलाचे गाव पासाऊ हे होय, आणि जलद गाडीचे महाग तिकीट हाती असते तर आम्ही तिथे गेलो नसतो, कारण एवढ्या पैशांत म्युनिक किंवा बर्लिन पाहावे असेच कोणालाही वाटले असते. ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या या गावात डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. न्यूरेंबर्गहून रेगेन्सबुर्ग आणि प्लाटलिंग या ठिकाणी गाड्या बदलत आम्ही तीन-साडेतीन तासांनी पोहोचलो. गावाच्या टोकाशी, जिथे जमीन निमुळती होत संपते, तिथे उभे राहिले की तिन्ही पाण्यांचे रंग वेगळे ओळखू येतात : दलदलीच्या मुलखातून आलेली इल्झ काळसर, आल्प्समधून आलेली इन गढूळ हिरवट-पांढरी आणि डॅन्यूब या दोहोंच्या मधली. संगम म्हणजे औदुंबर-नृसिंहवाडीकडे घाटावर बसून पाहण्याची गोष्ट, असे मानणाऱ्या आम्हा दोघांचा तिथे अर्धा तास सहज गेला.

तेथून परत येताना डॅन्यूबच्या काठावर जुने नगरभवन लागते. त्याच्या मनोऱ्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत आडव्या रेघा आणि त्यांपुढे वर्षे लिहिलेली आहेत. त्या महापुराच्या खुणा आहेत. सर्वांत उंच १५०१ची. तिच्या जरा खाली २०१३ची, जेव्हा डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटरवर गेली होती. त्याखाली १९५४ आणि इतर. माझे माहेर सांगलीच्या गावभागातले. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वडिलांनी २००५ची रेघ खिळ्याने ओढली होती आणि २०१९मध्ये, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा, भावाने तिच्या वर, फडताळाच्या दुसऱ्या फळीशी, नवी रेघ ओढली. पासाऊच्या त्या भिंतीसमोर लोक हसतमुखाने एकमेकांचे फोटो काढत होते. आम्ही दोघे मात्र रेघा मोजत, कोणती कोणत्या मजल्याला टेकते ते पाहत उभे राहिलो. शेजारच्या गल्लीतील दुकानांची दारे जमिनीलगत आहेत आणि आत तळमजल्यावर माल भरलेला आहे, हे पाहून यजमान म्हणाले, “म्हणजे यांनाही गणपती पेठेसारखीच सवय झालेली दिसते.” पूर आला की आपण अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतो, इथे इन नदीकडे दाखवीत असावेत, कारण आल्प्समधले पाणी तीच घेऊन येते. सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत ही भिंत कधी येणार नाही.

त्याच दिवशी परतीच्या वाटेवर आमची फजितीही झाली. तिथल्या काही प्रादेशिक गाड्या मधल्या स्थानकात दोन तुकड्यांत तुटतात आणि प्रत्येक तुकडी वेगळ्या गावाला जाते. फलाटावरच्या पाटीवर ते लिहिलेले असते आणि डब्यातील पडद्यावरही, पण आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो. सूचना जर्मनमध्ये झाली, काही लोक उठून पुढच्या डब्यांकडे गेले, आम्ही ‘बरे झाले, जागा झाली’ म्हणून पाय पसरले आणि पाऊण तासाने भलत्याच गावी उतरलो. तिथून मागे येईपर्यंत आमची पुढची गाडी निघून गेली होती, आणि तिच्यानंतरची रद्द झाली. ही सेवा चालवणाऱ्या कंपनीचा एकही माणूस त्या फलाटावर नव्हता. शेजारच्या फलाटावरून एक जलद गाडी न्यूरेंबर्गला निघाली होती. परंतु आपली गाडी रद्द झाली म्हणून तीत चढण्याची मुभा या तिकिटावर मिळत नाही. सांगलीहून नेलेला भडंग त्या रात्री साडेदहा वाजता एका थंड बाकावर संपला.

यावरून तिकिटाच्या दोषांकडे वळते. प्रादेशिक गाड्यांत जागा राखून ठेवता येत नाही. रुमाल टाकून जागा धरण्याची आपली पद्धत तिथे नाही, आणि शनिवारी सायकली, कुत्री व बाबागाड्या यांनी डबा भरतो. २० सप्टेंबरला म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सुरू झाल्यावर त्या दिशेच्या गाड्यांत सकाळी आठलाच बाटल्या उघडलेले घोळके असत. ते उपद्रवी नव्हते, पण शांतही नव्हते. मार्गाची दुरुस्ती चालू असेल तिथे गाडीऐवजी बस सोडतात, आणि ती बस स्थानकाच्या दारात न थांबता कुठेतरी मागच्या रस्त्यावर थांबते. लिफ्ट बंद असण्याचे प्रसंगही आले. दोन मोठ्या बॅगा घेऊन या तिकिटावर फिरू नये. आम्ही बॅगा भाच्याकडे ठेवल्या आणि पाठीवर एकेक पिशवी घेऊन पुढे गेलो, म्हणून निभावले.

दुसरा टप्पा हायडेलबर्गचा. जाताना श्टुटगार्टमार्गे निम्मा दिवस गेला. हायडेलबर्गचे मुख्य स्थानक जुन्या गावापासून बरेच दूर आहे आणि इथे या तिकिटाचा दुसरा गुण ध्यानात येतो : स्थानकातून बाहेर पडताच समोर जी ट्राम किंवा बस असेल तीत बसावे, तिकीट कुठले, विभाग कोणता, सुटे पैसे आहेत का, याचा विचारच करायचा नाही. परगावात पर्यटकाची निम्मी शक्ती तिकीट देणाऱ्या यंत्रासमोर खर्च होते, ती वाचली. किल्ला, जुना पूल आणि १३८६मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ ही तिन्ही ठिकाणे सर्वांना माहीत आहेत. मला तिथे आठवण झाली ती ग्युंथर सोन्थायमर यांची. खंडोबा, बिरोबा, धनगरांच्या ओव्या यांचा अभ्यास करीत महाराष्ट्रातील माळरानांवर हिंडलेला हा विद्वान याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवीत असे. आरेवाडीच्या बिरोबाची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नेकर नदीकाठच्या त्या टापटीप गावात हे जाणवून जरा नवल वाटेल.

हायडेलबर्गहून कोलोनकडे जाताना आम्ही ऱ्हाईनच्या काठाने जाणारी संथ गाडी मुद्दाम निवडली. फ्रँकफर्ट आणि कोलोन यांच्यामधला जलद मार्ग २००२पासून सुरू आहे, आणि त्यावरून तासाभरात पोहोचता येते. पण त्या मार्गावर बोगदे आणि मोटाररस्ता यांखेरीज फारसे काही दिसत नाही. संथ गाडी माइन्झपासून डाव्या तीराने, पाण्याला लागून, प्रत्येक गावी थांबत जाते. बिंगेन ते कोब्लेन्झ हा ६५ किलोमीटरचा पट्टा जागतिक वारसा आहे. काउबसमोर नदीच्या मध्यावर जहाजांकडून जकात वसूल करण्यासाठी बांधलेला किल्ला उभा आहे. पुढे नदी अरुंद होते आणि लोरेलाय हा १३२ मीटर उंच खडक पलीकडच्या काठावर येतो. कोलोनकडे जाताना उजव्या हाताच्या खिडकीशी बसावे, उलट दिशेने येताना डाव्या. नदीतल्या पर्यटक-बोटींना हे तिकीट चालत नाही. हॅम्बर्ग बंदरातील सार्वजनिक फेरीबोटींना मात्र चालते, हे भाच्याकडून कळले.

कोलोनला आम्ही या वेळी कॅथेड्रलच्या आत दोन तास बसलो आणि दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या यजमान एकटेच चढून आले. तिथून अर्ध्या तासावरचे बॉन सगळे बेथोव्हेनच्या जन्मघरासाठी पाहतात. तेही पाहावेच, पण १८१८मध्ये भारतविद्येचे जर्मनीतील पहिले अध्यासन इथल्या विद्यापीठात निघाले आणि त्यावर बसलेल्या आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांनी १८२३मध्ये देवनागरी टाइपात भगवद्गीता छापली, ही गोष्ट मराठी पर्यटकाने मनात ठेवून विद्यापीठाच्या पिवळ्या राजवाड्यापुढच्या हिरवळीवर थोडा वेळ बसावे.

वुपरतालची शिफारस मी सर्वांना करते, जरी गाव म्हणून ते कोणाला सुंदर वाटणार नाही. तिथे १९०१पासून लोंबती रेल्वे धावते. वर लोखंडी रूळ, त्यांना टांगलेले डबे आणि खाली वुपर नदी. मार्ग १३.३ किलोमीटरचा, स्थानके वीस, आणि हे सारे याच तिकिटात. वळणावर डबा एका बाजूला अलगद झुलतो, तेव्हा उभ्या माणसाचा हात आपोआप दांडीकडे जातो. गावकरी मात्र पिशवीतून पाव काढून खात असतात. १९५०मध्ये जाहिरातीसाठी टुफी नावाचे हत्तीचे पिल्लू या गाडीत चढवले होते. ते बिथरले, डब्याची बाजू फोडून नदीत पडले आणि फारशी इजा न होता वाचले. आमच्या गणपती मंदिराचा हत्ती पाहत लहानाची मोठी झालेल्या मला त्या पिल्लाची बाजू लगेच पटली. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा गेलो. मुंबईच्या मोनोरेलमध्येही मी इतक्या आवडीने कधी बसले नव्हते.

आता हिशेब. वहीतल्या नोंदीप्रमाणे एकोणीस दिवसांत आम्ही प्रत्येकी चौऱ्याहत्तर वेळा कोणत्या ना कोणत्या वाहनात चढलो, आणि ५८ युरोंच्या हिशेबाने दिवसाला साधारण तीन युरो पडले. परतताना कोलोनहून न्यूरेंबर्गला मात्र जलद गाडीची वेगळी तिकिटे काढली, कारण विमानाच्या आदल्या दिवशी सात-आठ तास गाड्या बदलत बसण्याचे धाडस माझ्यात उरले नव्हते. भाच्याचे वाक्य तिथे खरे झाले. ती तिकिटे आठवडाभर आधी काढल्यामुळे बरीच स्वस्त मिळाली. ऐनवेळी त्यांची किंमत दुपटीवर जाताना मी ॲपवर पाहिली आहे.

जानेवारी २०२६पासून डॉइचलांड तिकिटाची किंमत ६३ युरो झाली आहे. तरीही ज्यांच्या हाती दोन आठवडे किंवा अधिक दिवस आहेत, जे एकाच कॅलेंडर महिन्यात फिरणार आहेत आणि एका-दोन गावी मुक्काम ठोकून आसपास हिंडण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी ते निःशंक घ्यावे. केवळ बव्हेरिया (जर्मनमध्ये बायर्न) या राज्यात तीन-चार दिवस फिरणाऱ्या कुटुंबाला एका दिवसाचे बायर्न तिकीट अधिक सोयीचे पडेल. ते पाच जणांपर्यंत मिळून काढता येते, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपूर्वी चालत नाही, हे लक्षात ठेवावे. आमच्या शेजारच्या वहिनी मे महिन्यात मुलीबरोबर नऊ दिवसांसाठी जात आहेत, आणि त्यांना बर्लिन, हॅम्बर्ग आणि म्युनिक ही तिन्ही शहरे पाहायची आहेत. म्युनिक ते बर्लिन जलद गाडीला चार-साडेचार तास लागतात आणि या तिकिटावर अख्खा दिवस जातो. त्यांना मी हे तिकीट घेऊ नका असे सांगितले. त्यांच्या सासूबाई सोबत निघाल्या असत्या, तर घ्या म्हटले असते, कारण त्या औदुंबरलासुद्धा वाटेतल्या प्रत्येक गावी उतरतच जातात.